मधला कोबा

आई पडली तेव्हा मी दारात तांदूळ निवडत बसले होते. धुण्याची बादली घेऊन ती मागच्या दारी निघाली होती आणि दोन घरांच्या मधल्या कोब्यावर तिचा पाय घसरला. आधी बादली आपटली, मग आई. सूप तिथेच टाकून मी धावले, पण माझ्याआधी पलीकडच्या दारातून गिरिजाकाकू आल्या. त्यांचे हात कणकेने भरलेले होते. त्यांनी आईला काखेत धरून बसतं केलं. आईने मान वर केली, आपल्याला कोणी धरलंय ते पाहिलं आणि म्हणाली, "सोडा. मी उठते."

काकूंनी हात काढून घेतले. आईच्या पोलक्यावर कणकेची बोटं उमटली होती. काकू आत निघून गेल्या.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून आल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ त्या कोब्याकडे बघत उभे राहिले. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या पट्ट्यात काँक्रीटच्या मोठमोठ्या लाद्या होत्या. त्यातली मधली आमच्या बाजूने चांगली वीतभर खचली होती आणि पलीकडच्या बाजूने उचलली गेली होती. तिच्यावर पाणी साचायचं, शेवाळ धरायचं. खचली होती ती कधीचीच. पण लादी निम्मी आमच्या जागेत आणि निम्मी शेजारच्या स्वामींच्या. ती दुरुस्त करायची म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागणार, म्हणून आम्ही सगळे तिच्यावरून जपून चालत होतो.

ही गोष्ट बार्शीची, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालातली. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते आणि गिरिजाकाकूंचे यजमान मल्लिनाथ स्वामी, आमचे काका, कंडक्टर. कितीतरी वर्षं दोघे एकाच गाडीवर. मुक्कामाच्या गावी एकाच डब्यात जेवायचे. खेड्यापाड्यातले लोक त्या गाडीला गावाच्या नावाने नाही, "ढगे-स्वामींची गाडी" म्हणून ओळखायचे. दोघांनी शेजारी शेजारी प्लॉट घेतले, घरं बांधली आणि मध्ये भिंत घालायची नाही असं ठरवलं. भिंतीऐवजी तो कोबा घातला. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीच्या दिवशी दोन्ही घरांतली माणसं मिळून काँक्रीट कालवत होती. काका खोऱ्याने वाळू ओढता ओढता "चला, पुढे सरका, आत जागा आहे" असं म्हणत होते आणि आई आणि काकू हसून हसून खाली बसल्या होत्या. पुढे त्या कोब्यावर आमच्या कुरडया आणि त्यांच्या शेंगा एकाच जुन्या लुगड्यावर वाळायच्या. उन्हाळ्यात आम्ही सगळे तिथेच अंथरुणं टाकायचो, आणि कोणती चादर कोणत्या घरातली हे सकाळी शोधत बसावं लागायचं.

मग एक दिवस काकांनी डेपोत जाऊन सांगितलं, की ढग्यांना नीट दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांची तपासणी करा. तपासणीत काचबिंदू निघाला. अण्णांच्या हातातलं स्टेअरिंग गेलं आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन अण्णा एवढंच म्हणाले, "स्वामीने केलं हे." पुढे काही विचारायची आमची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून आईने काकूंशी बोलणं टाकलं. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली होती. दोघेही मधल्या काळात रिटायर झाले होते.

अण्णांनी इस्माईलभाई गवंड्यांना बोलावलं. त्यांनी लादीवर पहार आपटली. पोकळ आवाज आला.

"खाली काळी माती आहे," ते म्हणाले. "पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यात तुमच्या धुण्याचं पाणी लादीखाली मुरतंय. वरून सिमेंट फासून उपयोग नाही. लादी काढा, माती उपसा, मुरूम भरून चांगला धुमसा, ठोकून घट्ट बसवा, मग नवा कोबा घालतो."

"निम्मीच काढली तर?" अण्णांनी विचारलं.

"निम्मी कशी काढणार? भाकरी आहे का मोडायला?"

इस्माईलभाई गेल्यावर अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "उज्जू, पलीकडे जाऊन विचार."

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते, बावीस-तेवीस वर्षांची होते. तरी तो कोबा ओलांडण्याआधी मी दोनदा मागे वळून पाहिलं. काका ओसरीवर बसले होते. कपाळाला विभूती, अंगात बनियन, समोर शेंगांचं सूप. मला बघून ते शेंग फोडायची थांबले.

"अण्णांनी पाठवलं?"

"हो. मधली लादी काढायची आहे. आई पडली तिच्यावरून."

"बघितलं मी. अण्णा काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले?"

"पलीकडे जाऊन विचार, म्हणाले."

"पलीकडे," काका पुटपुटले. शेंगेचं टरफल बोटांत फिरवत राहिले. "बरं. माझी काही हरकत नाही म्हणून सांग. माझ्या बाजूची माती मी काढीन. मला मजूर नको."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "हात कसा आहे वैनींचा?"

"दुखतोय. बोटं सुजलीत."

त्यांनी फळीवरची तेलाची बाटली काढली, क्षणभर हातात धरली आणि परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघे कामाला लागले. अण्णा या बाजूने, काका त्या बाजूने. मध्ये लादी. अण्णांनी घण मारला, लादीला तडा गेला. तुकडे उचलायची वेळ आली तेव्हा अण्णा म्हणाले, "उज्जू, त्यांना सांग, पहार लावतोय, पाय सांभाळा."

काका हातभर अंतरावर उभे होते. "ऐकलं म्हणावं," ते म्हणाले.

मला हसू आलं. पायरीवर बसलेल्या आईकडे मी पाहिलं, पण तिचा चेहरा दगडासारखा होता.

लादीखाली खरोखरच पोकळी होती. तिच्यात पाण्याने कुजलेली काळी माती, चिखल आणि कधीकाळी तिथे अडकलेला कुणाचा तरी लाकडी भोवरा. अण्णांनी तो उचलून झटकला आणि बाजूच्या दगडावर ठेवला. दुपारपर्यंत खड्डा झाला. पण अण्णांनी आपली बाजू गुडघाभर उपसली होती आणि काकांनी त्यांची निम्मीच. त्यामुळे खड्ड्याच्या बरोबर मधोमध, जिथे दोन घरांची हद्द, तिथे एक पायरी तयार झाली. इस्माईलभाई बघायला आले आणि कपाळावर हात मारून परत गेले.

मुरमाचा ट्रक तेवढ्यात आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला विजेचा खांब आणि त्याला बांधलेली ताणाची तार, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. ट्रकवाल्याने खाली उतरून पाहिलं आणि मान हलवली.

"मी नाही घालत गाडी आत. चाक गटारात गेलं तर काढायचं कोणी? इथेच कोपऱ्यावर ओततो, घमेल्यांनी न्या."

कोपऱ्यापासून घरापर्यंत घमेली वाहणार कोण? एका हाताची आई, मी आणि दोन रिटायर माणसं. अण्णा ट्रककडे बघत होते. मग त्यांनी लेंग्याला हात पुसले.

"चावी द्या," ते म्हणाले.

"तुम्हाला येतं का?"

"इतकी वर्षं एसटी चालवली मी."

"अण्णा, नको," मी म्हणाले.

"अहो, ऐका जरा," आई पायरीवरून उठली. "घमेल्यांनी आणू आपण. दोन दिवस लागतील, लागू दे."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि केबिनमध्ये चढले. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते नुसतेच बसून राहिले. इंजिन सुरू केलं तेव्हा सबंध गल्ली हादरली, आजूबाजूची माणसं दारात आली.

काका खड्ड्यातून वर आले. हाताला, पोटऱ्यांना काळी माती लागलेली. ते चालत सरळ ट्रकच्या पुढे गेले आणि तोंडासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा अण्णांना खाली उतरवणार. त्यांनी उतरवावं असं मला वाटत होतं, आणि त्यांनी उतरवलं तर मी जन्मभर त्यांचं तोंड बघणार नाही असंही वाटत होतं. काचेतून दोघे एकमेकांकडे पाहत राहिले.

मग काका बाजूला झाले. ट्रकच्या अंगावरून हात फिरवत मागे गेले. गल्लीतल्या पोरांना त्यांनी घराघरांत पिटाळलं, कुणाची तरी बाज उचलून भिंतीला लावली, सायकल हलवली. सगळं मोकळं झाल्यावर मागच्या फळीवर तळहाताने दोनदा थाप मारली.

"येऊ दे."

ट्रक मागे सरकला.

"येऊ दे... येऊ दे... डावं घे... आणखी... सरळ कर. येऊ दे."

मी केबिनच्या बाजूने चालत होते. अण्णा आरशात बघतच नव्हते. समोर बोनेटकडे नजर, मान किंचित कललेली, माणूस काहीतरी बारीक ऐकताना कलवतो तशी. हात मात्र काकांच्या आवाजाबरोबर फिरत होते. काका बोलायचे आणि चाक वळायचं, मध्ये फट नव्हती.

"थांब."

ट्रक जागच्या जागी थांबला. काकांचा शब्द पुरा व्हायच्या आत. खांबाची तार पत्र्यापासून चार बोटांवर होती. काकांनी वाकून पाहिलं, गटाराकडची बाजू पाहिली. "उजवं थोडं. थोडंच. हां. आता येऊ दे बिनधास्त."

मुरूम आमच्या दारात पडला. ट्रकवाला स्वतःच गाडी पुढे घेऊन गेला. अण्णा ओट्यावर टेकले होते, दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून. काका आले आणि थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

अण्णा खाली बघत म्हणाले, "मघाशी पुढे येऊन उभा राहिलास. थांबवलं का नाहीस?"

"कशाला? मागे मी होतो की."

अण्णा म्हणाले, "तेव्हाही होतास."

"जाऊ दे ते, अंबादास."

"जाऊ कसं दे? उज्जू, इकडे ये. आईला घेऊन ये."

आई आली, पण बसली नाही. अण्णा तिच्या प्लास्टरकडे बघून बोलू लागले.

"माझे डोळे त्याआधी वर्षभर गेलेच होते. समोरचं दिसायचं, कडेचं काही नाही. दिवेलागणीला तर सगळाच धूर. कोणाला सांगितलं नाही. यालाच कळलं. हा तिकिटं फाडून झाली की पुढे येऊन माझ्या मागे उभा राहायचा. डावीकडे सायकल आहे, पुढे गुरं आहेत, उजवीकडून ट्रक येतोय. हळूच सांगायचा, उतारूंना कळू नये असं. ती गाडी वर्षभर आम्ही दोघांनी मिळून चालवली."

काका दुसरीकडे बघत होते.

"एकदा वैरागच्या पुढे, सूर्य नुकताच बुडाला होता. हा म्हणाला, थांब. मला समोर काहीच दिसेना. मी म्हटलं, रस्ता मोकळा आहे. रोज रोज दुसऱ्याच्या सांगण्यावरून हात फिरवायचा, त्याचाही राग साठला होता माझ्या मनात. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही. याने वाकून हँडब्रेक ओढला. माणसं एकमेकांवर पडली, शिव्या घालायला लागली. मी खाली उतरून पाहिलं, तर पुढे ऊसतोडवाल्यांची बैलगाडी. मागे कंदील नाही. आत बायका आणि लेकरं झोपलेली. एक लेकरू जागं होतं, गाडीच्या दिव्याकडे बघून हसत होतं."

अण्णांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

"हा मला म्हणाला, आता तू स्वतः होऊन साहेबांना सांग. माझ्या तोंडून नको. मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. रोज विचारायचा, मी रोज उद्यावर ढकलायचो. शेवटी हा गेला. जाताना मला सांगून गेला. आणि घरी येऊन मी तुम्हाला त्यातलं शेवटचं एक वाक्य तेवढं सांगितलं."

आईने काकांना विचारलं, "गिरिजाला हे ठाऊक होतं?"

"होतं, वहिनी."

"मग ती बोलली का नाही मला?"

"मीच तिला म्हटलं होतं, ज्याचं त्याने सांगावं."

आई अण्णांकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. "तिच्या लेकीचं, सुनंदाचं, पहिलं बाळंतपण झालं, मी बाळ बघायला गेले नाही. माझी आई गेली तेव्हा ती आपल्या दारापर्यंत आली होती. मी दार लावून घेतलं. ती किती वेळ बाहेर उभी होती, मला खिडकीतून दिसत होतं."

आईने पदर खांद्यावरून घेतला आणि निघाली. मध्ये खड्डा होता, म्हणून ती रस्त्यावरून वळसा घालून, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत, स्वामींच्या पुढच्या दारी गेली. ते उघडंच होतं.

तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही, पुढे मी कधी विचारलंही नाही. चहा झाल्यावर मी आईला बोलवायला गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या तिच्या सुजल्या बोटांना काकू तेल चोळत होत्या. आई डोळे पुसत पुसत त्यांच्यावरच रागावत होती, की तू तरी कशाला ऐकलंस त्यांचं, पुरुषांचं कधी इतकं ऐकायचं असतं का. काकू म्हणत होत्या, "हात हलवू नका, हात हलवू नका."

मी परत फिरले तेव्हा काका खड्ड्यात उतरून आपल्या बाजूची उरलेली माती उपसत होते आणि अण्णा वर उभे राहून घमेली घेत होते.

"अजून खाली जा," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडे उंच राहिलंय."

"दिसतंय मला."

"तुला दिसतं, मान्य आहे. पण खाली जा."

काका फावडं टेकून हसायला लागले. अण्णाही हसले, पण लगेच तोंड फिरवून घमेलं रिकामं करायला गेले आणि यायला त्यांनी बराच वेळ लावला.

पुढचे दोन दिवस मुरूम भरणं, पाणी मारणं आणि धुमसणं चाललं. दोघे आळीपाळीने मुरूम ठोकायचा जड धुमस उचलायचे. पाण्याच्या नळीने पातळी बघायची तेव्हा एक टोक मी धरलं आणि दुसरं काकूंनी. आई मध्ये उभी राहून दोघींनाही हुकूम सोडत होती. धुण्याच्या दगडापासून गटारापर्यंत नवा पाइप घातला. मग इस्माईलभाईंनी एका दिवसात कोबा ओतला. दोन्ही घरांच्या जोत्यांपासून रस्त्याकडे हलका ढाळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन कोब्याच्या कडेने मातीचे बांध घालून वर पाणी भरलं आणि जाताना बजावून गेले, "आठवडाभर कोणी पाय ठेवायचा नाही. माणसानेही नाही, मांजरानेही नाही."

त्या दिवशी आई दुपारपासूनच रस्त्याने वळसा घालून काकूंकडे गेलेली होती. उन्हं उतरल्यावर अण्णांनी आमच्या बाजूला खुर्ची टाकली. थोड्या वेळाने काकांनी त्यांच्या बाजूला टाकली. मधल्या पाण्यात दोन्ही घरांच्या भिंती आणि वरचं आभाळ दिसत होतं. वर्षानुवर्षं ओलांडता येत होतं तेव्हा कोणी ओलांडलं नाही, आणि आता ओलांडायचं नाही म्हणून दोघे दोन काठांवर बसून होते. काकांच्या हातात पेपर होता.

"काय आहे आज?" अण्णांनी विचारलं.

"तुझ्याकडे येत नाही का पेपर?"

"येतो," अण्णा म्हणाले. "अक्षरं लागत नाहीत मला आताशा."

मी उंबऱ्यात उभी होते. अण्णा रोज सकाळी चहाबरोबर पेपर उघडून बसायचे, वेळेवर पानं उलटायचे, आणि आम्हाला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

काकांनी पेपर झटकून सरळ केला, खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत पुढे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. एक बातमी संपली, दुसरी सुरू झाली. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "ऐकू येतंय का?"

"येतंय," अण्णा म्हणाले. "जरा मोठ्याने वाच. आत त्या दोघींनाही ऐकू जाऊ दे."